पास, रीवर्क, स्क्रॅप

माझी आजी म्हणत असे, दोन गोष्टी दुसऱ्याला कधी सुचवू नयेत : औषध आणि स्थळ. औषध लागू पडलं तर नाव डॉक्टरचं होतं आणि नाही पडलं तर आपलं. स्थळाचं तर विचारूच नका, नातवंडांच्या मुंजीपर्यंत ऐकावं लागतं. आजीच्या काळी सिनेमा सुचवायची रीत नव्हती, नाहीतर तिने यादीत तिसरी गोष्ट नक्की घातली असती. कारण औषध चुकलं तर माणूस आपल्याला शिव्या देतो, पण सिनेमा चुकला तर तो आपली कीव करतो. दुसऱ्या दिवशी भेटून शांतपणे विचारतो, ''तुम्हाला आवडला होय तो?'' त्या 'तुम्हाला'मध्ये आपलं शिक्षण, आपलं घराणं, आपली अभिरुची सगळी निकालात निघालेली असते.

हे सगळं ठाऊक असूनही मी गेली पंचेचाळीस वर्षं लोकांना सिनेमे सुचवत आलो आहे. आणि ते पिंपरी-चिंचवडसारख्या गावात, जिथे ऐकणाऱ्याच्या खिशात बहुधा मायक्रोमीटर असायचा.

आमच्या भागातल्या सिनेमाच्या शिफारशीचं शास्त्र जगाहून वेगळं होतं, आणि त्याला कारण विजेची टंचाई. विजेचा भार वाटला जावा म्हणून इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सिनेमा लागतो शुक्रवारी. म्हणजे नवा पिक्चर लागला की आम्ही तो बघायच्या आधी मध्ये सहा दिवस नुसत्या शिफारशी. सेकंड शिफ्टवाले सकाळचा खेळ टाकून यायचे, फर्स्ट शिफ्टवाले संध्याकाळचा. कुणाचा पुण्यातला मेहुणा पहिल्याच दिवशी बघून आलेला असायचा. गुरुवार उजाडेपर्यंत पिक्चरची गोष्ट, गाणी, मारामाऱ्या आणि शेवटी कोण मरतं हे सगळं कंपनीच्या बसमध्ये सांगून झालेलं असे. तरी आम्ही जात असू. आपल्याला सांगितलेला पिक्चर आणि प्रत्यक्षातला पिक्चर एकच आहे ना, हे तपासायला.

त्या बसमध्ये माझ्या शेजारी इन्स्पेक्टर बसायचे. पोलिसातले नव्हेत, कंपनीच्या इन्स्पेक्शन खात्यातले. त्यांना सगळे इन्स्पेक्टरच म्हणत. मला ते 'अकाउंट्स' म्हणत. माणूस इंद्रायणीकाठचा, देहूच्या पलीकडच्या एका वाडीतला. दिवसभर लाइनवरून आलेले पार्ट तपासायचे. भोकाचं माप बरोबर आहे का हे बघायला त्यांच्याकडे गेज असे. त्याचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये. मध्ये मत मांडायला जागाच नाही. मग पार्टवर तीनपैकी एक शेरा : पास, रीवर्क किंवा स्क्रॅप. रीवर्क म्हणजे थोडं घासूनपुसून चालेल. स्क्रॅप म्हणजे भंगार.

सिनेमालाही त्यांचे हेच तीन शेरे. चार रकान्यांचं परीक्षण लिहून 'एकदा पाहायला हरकत नाही' एवढंच सांगणारे समीक्षक मी पुष्कळ वाचले. त्यांच्या तुलनेत इन्स्पेक्टर फार परवडत. १९७५ साली 'शोले' आणि 'जय संतोषी माँ' एकाच वर्षी आले आणि दोन्हींनी गर्दी खेचली. मी कंपनीत लागेपर्यंत ते जुने झाले होते, पण बसमध्ये वाद चालूच होता. इन्स्पेक्टरांचा निकाल असा : ''शोले पास. लांबी जास्त आहे, पण सगळे पार्ट बसतात. संतोषी माँ रीवर्क. पण आमच्या घरात तसं बोलायचं नाही.''

'सामना' त्यांना मी सुचवला. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, बर्लिनच्या महोत्सवाला जाऊन आलेला. हे सगळं मी त्यांना सविस्तर ऐकवलं, विशेषतः बर्लिन. ते बघून आले आणि म्हणाले, ''तो दारुडा मास्तर आहे ना, तो आपल्या खात्यातला. सगळा कारखाना जोरात चाललाय, साखर तयार होतीय, पाटील खूश आहे, आणि ह्यानं एका पार्टापायी सगळा लॉट अडवून धरलाय. त्या एका माणसाचं काय झालं ते सांगा, म्हणतो, मग पुढं जाऊ. पास!'' 'सामना'वर मी पुढे बरंच वाचलं. पण निळू फुले आणि लागू समोरासमोर बसले की आपल्याला धाप का लागते, हे मला त्या बसमध्ये जितकं कळलं तितकं वाचून कळलं नाही.

आता खरं सांगायचं, तर त्या वेळी मला असं वाटत नव्हतं. मी मनात हसलो होतो. मी पडलो पुण्याच्या पेठेतला, नोकरीपायी चिंचवडला आलेला. पुण्यात १९६० साली 'प्रभात'च्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ साली फिल्म अर्काइव्ह निघालं, आणि तेव्हापासून आमच्याकडे एक नवी जात तयार झाली : कुठल्याही सिनेमाचं नाव काढलं की आधी त्याचा देश सांगणारी. मी त्या जातीचा. गुरुवारी लोकल पकडून पुण्यात जायचं, खुर्ची कुरकुरणाऱ्या अंधारात एखादा जपानी सिनेमा बघायचा आणि शेवटच्या लोकलने चिंचवडला परतायचं. शुक्रवारी बसमध्ये कुणीतरी विचारणार, ''काय बघितलंत?'' त्या एका प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप. 'राशोमोन' म्हणताना जो आनंद व्हायचा तो 'राशोमोन' बघताना झाला होता की नाही, मी शपथेवर सांगू शकणार नाही.

एकदा हट्टाने इन्स्पेक्टरांना पुण्यात घेऊन गेलो. 'बायसिकल थीव्हज' दाखवला. १९४८ चा, इटलीचा. नोकरीसाठी सायकल लागते, गहाण पडलेली सायकल बायको चादरी देऊन सोडवते, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. इन्स्पेक्टर स्वतः वीस वर्षं सायकलवरून कामाला गेलेले. मला वाटलं, आता हा माणूस हेलावणार. बाहेर आल्यावर म्हणाले, ''कुलूप नव्हतं सायकलीला.'' मी कपाळावर हात मारला. गाडीत दोघंही गप्प. खडकी गेलं, दापोडी गेली, कासारवाडी गेली. पिंपरीला गाडी थांबली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बोलले, ''बाप चोरी करतो ते एक वेळ चालंल. पण पोरानं ते बघितलं. तिथं त्यानं पोराला घरी पाठवलं होतं. पोरगं गेलंच नाही.'' मग चिंचवड येईपर्यंत पुन्हा गप्प. उतरताना शेरा दिला : ''पास. पण परत बघणार नाही मी.''

एवढं होऊनही मी शहाणा झालो नाही. उलट माझा धीर चेपला, आणि पुढच्याच गणपतीत मी आयुष्यातली सर्वांत मोठी शिफारस केली. आमच्या कॉलनीच्या गणपतीला दरवर्षी दोन इमारतींच्या मध्ये पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवत. अर्धी कॉलनी पुढे, अर्धी कापडाच्या मागे. मागच्यांना सगळे नायक डावखुरे दिसायचे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसे. मी मंडळाला सुचवलं, यंदा दादा कोंडके नकोत, चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आणू. १९३६ चा सिनेमा, विषय कारखान्याचा, नायक कामगार, प्रेक्षक कामगार. आणखी काय पाहिजे? एका ओळखीच्या माणसाकडून सोळा मिलिमीटरची प्रत मिळवली. सुरुवातीला मी माइकवरून दहा मिनिटं बोललो. एवढं एकच सांगतो, की मागे बसलेल्या पोरांनी आरती सुरू केली तेव्हा मी थांबलो.

सिनेमा सुरू झाला. पट्ट्यावरून पार्ट येताहेत, चॅप्लिन दोन्ही हातांत पाने घेऊन नट आवळतोय. अंग खाजवायला एक क्षण थांबला की पार्ट पुढे निघून जातो आणि पुढचा माणूस त्याच्यावर खेकसतो. जग ह्या प्रसंगाला पोट धरून हसतं. माझी कॉलनी हसली नाही. कॉलनी लक्ष देऊन बघत होती. मालक खोलीत बसून पडद्यावर दिसतो आणि पट्ट्याचा वेग वाढवा म्हणून हुकूम सोडतो, तेव्हा मागून कुणीतरी ''आला टाइम स्टडी!'' एवढंच म्हणालं. चॅप्लिन संडासात जाऊन विडी ओढायला लागतो आणि तिथल्या भिंतीवर मालकाचं तोंड उगवतं, तिथे मात्र पहिल्यांदा हशा आला. तो विनोदाला आलेला हशा नव्हता. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटल्यावर आपण करतो तसला होता. इंग्रजी पाट्या कापडामागच्यांना उलट्या दिसत होत्या. मी त्यांची माफी मागायला गेलो, तर एक आजोबा म्हणाले, ''असू द्या, सुलट्या असत्या तरी आम्हाला तेवढंच कळलं असतं.''

इन्स्पेक्टर खास वाडीवरून आले होते. एकदाही हसले नाहीत. संपल्यावर मी जवळ गेलो. म्हणाले, ''चांगला आहे. पण विनोदी आहे म्हणाला होता तुम्ही. हा तर माहितीपट आहे.''

दुसऱ्या दिवशी मंडळाने 'पांडू हवालदार' आणला.

त्याच रात्री, खुर्च्या गोळा करताना, इन्स्पेक्टरांनी मला एक पिक्चर सुचवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एरवी ते शेरे देत, शिफारस करत नसत. म्हणाले, ''त्याच सालचा आपला एक आहे. 'संत तुकाराम'. तंबूत बघितला होता लहानपणी, आजीबरोबर. आजी चपला बाहेर काढून आत बसली होती. बघा एकदा.'' मी 'हो हो' म्हटलं. ज्या 'हो हो'चा अर्थ 'नाही' असतो ते. भक्तिपट, चमत्कार, शेवटी विमान! माझ्यासारख्याने ते बघायचं? पुढे सात-आठ वर्षं त्यांनी चार-पाच वेळा आठवण केली आणि प्रत्येक वेळी मी 'हो हो' म्हटलं.

शेवटी मी तो बघितला. कशामुळे, ते सांगायची लाज वाटते, पण लेख लिहायला घेतला म्हटल्यावर सांगायला हवं. पुण्यात एका कार्यक्रमाला आलेल्या परदेशी पाहुण्याने त्याची वाखाणणी केली म्हणून. मांडीला मांडी लावून बसणाऱ्या, देहूच्या पंचक्रोशीतल्या माणसाचं सांगणं सात-आठ वर्षं पुरलं नाही, आणि ज्याला देहू नकाशावर दाखवता आलं नसतं अशा गृहस्थाचं एक वाक्य पुरलं.

सिनेमाविषयी काय सांगू? दामले आणि फत्तेलाल ह्या दोघांनी तो केला. एक दामलेमामा, दुसरे साहेबमामा. एक ब्राह्मण आणि एक मुसलमान अशा जोडीने वारकऱ्यांचा तुकाराम उभा केला आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही. मुंबईत तो एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसला त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांच्या चालण्याबोलण्यातलं मार्दव इथे तुकारामाच्या कामी आलं. चित्रपटातला एक अभंग तर तुकारामाचा नाहीच, शांताराम आठवल्यांनी तो लिहिला, आणि कित्येकांनी तो गाथेत शोधला. खोटा माल इतका खरा की इन्स्पेक्शनमधूनही सुटावा!

दोष आहेत. सालोमालोचा कपटीपणा जरा जास्तच तिखटमिठाचा आहे. शिवाजी महाराजांना पकडायला आलेल्या शिपायांना जो तो शिवाजीच दिसतो, हा चमत्कार आज बघताना गंमत वाटते, भक्ती वाटत नाही. पण हे सगळं सावरून धरते ती आवली. गौरी नावाच्या बाईंनी ती केली आहे. मूल आजारी पडल्यावर ती चप्पल हातात घेऊन थेट विठोबापुढे जाब विचारायला जाते. नवरा मोळीभर ऊस घेऊन निघतो आणि वाटेत पोरांना वाटून एकच कांडं घरी आणतो, तेव्हा तिचं जे तोंड सुटतं ते ऐकून मला वाटलं, ही बाई अभिनय करत नाही, आमच्या शेजारी राहते.

हे सगळं मी शुक्रवारी बसमध्ये मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो, जणू 'संत तुकाराम' मीच शोधून काढला. इन्स्पेक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. 'मी सांगत होतो' हे वाक्य त्यांच्या तोंडातून आलं नाही. माझ्या तोंडातून नक्की आलं असतं. मग म्हणाले, ''तुकाराम पास आहेच हो. त्याला कोण नापास करणार? पण गेज बाईच्या हातात आहे. वर आभाळात काहीही होऊ द्या, ती घरात पीठ आहे का बघती. विमान आलं तरी ती जात नाही. पोरं कोण बघणार, म्हणती. ती बाई नसती तर सगळा पिक्चर हवेत गेला असता, विमानासकट.''

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या सिनेमात प्रत्येक चमत्कार घडला की तो एकदा आवलीपुढून जातो, आणि ती त्याला आपलं गेज लावते : ह्याने चूल पेटेल का? एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. ती कधीच फसत नाही. म्हणूनच आपण तुकारामावर विश्वास ठेवतो. 'मॉडर्न टाइम्स'मध्ये असं गेज कुणाच्या हातात नाही, तिथे तपासणारा खुद्द चॅप्लिनच आहे आणि नापास होणाराही तोच. एकाच साली दोन सिनेमे, एक आमच्या कारखान्याचा आणि एक आमच्या नदीचा. पहिला मी कॉलनीला सांगितला आणि दुसरा कॉलनीकडून कधी ऐकला नाही. असो.

आता बस राहिली नाही. म्हणजे माझी राहिली नाही, बसेस भरपूर आहेत. माझा भाचा चाकणला जातो. पूर्वी चाकण म्हटलं की कांदा, आणि इतिहासवाल्यांना फिरंगोजी नरसाळा. आता तिथे परदेशी गाड्या तयार होतात. भाचा बसमध्ये दोन्ही कानांत बोंडं घालून बसतो, शेजारचाही तसाच. दोघं बहुतेक एकच सिनेमा बघत असतात आणि एकमेकांना ठाऊक नसतं. शिफारशी येतात त्या व्हॉट्सॲपवर. 'मस्ट वॉच' आणि खाली जोडलेले हात. कुणी म्हटलं, कशासाठी बघू? तर उत्तर येतं, 'बघ ना.' मी भाच्याला 'कोर्ट' बघायला सांगितला, २०१४ चा. तो म्हणाला, ''मामा, रेटिंग किती आहे?'' मी म्हटलं, ''पास.'' तो म्हणाला, ''दहापैकी?''

इन्स्पेक्टरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याला पंचवीस वर्षं होत आली. पैसे मिळाले, वाडीवर घर बांधलं. पाचेक वर्षांपूर्वी मधुमेहाने डोळ्यांचे पडदे गेले. सहजी न दिसणारी चीर ज्यांना उजेडात धरताच दिसायची, त्यांना आता उजेड तेवढा कळतो. वहिनी म्हणाल्या, टीव्ही लावला तर नुसते बसून असतात. 'संत तुकाराम' मात्र ऐकतात. तो ऐकताही येतो, अर्धा अधिक अभंगांतच आहे.

मी दर गुरुवारी फोन करतो. सुट्टीचा वार म्हणून. मागे एकदा ते म्हणाले, ''अकाउंट्स, एक पिक्चर सांगा.''

मी म्हटलं, ''सुचवू? कुठला?''

''सुचवू नका हो. सांगा. पहिल्यापासून.''

जन्मभर मी लोकांना दटावत आलो, गोष्ट सांगू नका, सिनेमा म्हणजे गोष्ट नव्हे, सिनेमा बघायचा असतो. आता कुणाला दटावणार? म्हटलं, ''कुठला सांगू?''

''तो तुमचा गणपतीतला. त्यात आवाज नाही, नुसता लावून काही कळत नाही.''

मी 'मॉडर्न टाइम्स' सांगायला लागलो. किती अवघड असतं म्हणून सांगू! पट्टा सांगितला, पाने सांगितले. मग ते जेवण भरवण्याचं यंत्र आलं, कामगाराची जेवणाची सुट्टी वाचवण्यासाठी आणलेलं. चॅप्लिनला त्यात बसवतात. मी रंगात आलो. ''यंत्र बिघडतं, आणि ते नटाला नट खाऊ घालतं बघा! लोखंडाचे! मग मक्याचं कणीस तोंडावर गरगर...''

''थांबा, थांबा. कणीस आधी. सूप सांडतं, मग तो माणूस मशीन दुरुस्त करताना काढलेले नट ताटलीत ठेवतो, म्हणून ते तोंडात जातात. आधीच ठेवले तर कसं जमंल?''

चाळीस वर्षांपूर्वी एकदा, कापडापुढे बसून बघितलेला सिनेमा. मी गप्प झालो.

''आणि शेवटी मालक ते मशीन घेत नाही,'' ते म्हणाले. ''माणसाला त्रास झाला म्हणून नव्हे. व्यवहारात चालण्यासारखं नाही म्हणून.'' आणि मग फोनमधून एक आवाज आला. मला आधी वाटलं खोकला आहे. ते हसत होते. मागून वहिनी विचारत होत्या, काय झालं म्हणून.

हसून झाल्यावर म्हणाले, ''पिक्चर पास आहे हो. तुम्ही रीवर्कला. पुढच्या गुरुवारी नीट बघून या आणि पहिल्यापासून सांगा.''